शेगडी तीच, वायू नवा!

घरातील सिलिंडर जाऊन त्याच्या जागी नळाचा गॅस येतो, त्या दिवशी गॅस कंपनीचा मिस्त्री एक लहानसे काम आवर्जून करतो. शेगडीतील जुने पितळी जेट तो काढतो आणि मोठ्या छिद्राचे दुसरे जेट बसवितो. गृहिणीच्या दृष्टीने हे काम दहा मिनिटांचे असते. पण ते न केल्यास नळाच्या गॅसवर शेगडीची ज्योत अगदी मिणमिणती राहते. उलट, नळाच्या गॅसचे मोठे जेट तसेच ठेवून सिलिंडर जोडला, तर पिवळी, काजळी धरणारी आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड सोडणारी ज्योत भडकते. शेगडी, गिझर वा बॉयलर हे कोणत्याही वायूवर चालणारे उपकरण नव्हे, ते एका विशिष्ट वायूसाठी जुळवून घेतलेले असते, हा या लहानशा जेटचा धडा होय.

मग हा वायूच बदलू लागला तर? हा प्रश्न आता केवळ प्रयोगशाळेतील राहिलेला नाही. गुजरातमध्ये सुरतजवळच्या कवास येथील एनटीपीसीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून घरोघरच्या नळाच्या गॅसमध्ये हरित हायड्रोजन मिसळण्यास प्रारंभ झाला. आरंभी ५ टक्के आणि पुढे ८ टक्क्यांपर्यंत हे प्रमाण नेण्यात आले. त्यापूर्वी जानेवारी २०२२ मध्ये इंदूर येथे गेल कंपनीने शहराच्या गॅसजाळ्यात हायड्रोजन सोडण्याचा देशातील पहिला प्रयोग हाती घेतला होता. दुसरीकडे, शेण, उसाची मळी, ओला कचरा यांपासून तयार होणारा शुद्ध जैववायू नळाच्या व वाहनांच्या गॅसमध्ये ठराविक प्रमाणात मिसळण्याचे बंधन घालण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. अशा वेळी घरातील शेगडी वा गिझर बदलावा लागेल काय, तो सुरक्षित राहील काय आणि या साऱ्यातून नेमका लाभ किती, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

हलका वायू, वेगवान वायू

नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. एक घनमीटर मिथेन जाळल्यावर जितकी उष्णता मिळते, तिच्या जेमतेम एकतृतीयांश उष्णता एक घनमीटर हायड्रोजनपासून मिळते. यावरून हायड्रोजन मिसळलेल्या गॅसवर शेगडी अगदीच मंद होईल, असा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. हायड्रोजन हा मिथेनच्या आठपट हलका. जेटच्या छिद्रातून, त्याच दाबाखाली, हलका वायू अधिक वेगाने बाहेर पडतो. शुद्ध हायड्रोजन घेतला, तर त्याच छिद्रातून त्याच वेळात मिथेनच्या सुमारे पावणेतीनपट आकारमानाचा वायू निसटतो. उष्णता एकतृतीयांश, पण वायू पावणेतीनपट. म्हणजे बर्नरवर पोहोचणारी एकूण उष्णता मूळच्या सुमारे ९० टक्के इतकी राहते.

उष्णता आणि घनता यांची ही सांगड घालणारा एक निर्देशांक वायुतज्ज्ञ वापरतात. १९२० च्या दशकात तो मांडणारे इटालियन अभियंते गोफ्रेदो वोबे यांच्या नावावरून त्यास वोबे निर्देशांक म्हणतात. वायूची उष्णता त्याच्या सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागली की हा निर्देशांक मिळतो. दोन वायूंचे वोबे निर्देशांक जवळपास सारखे असतील, तर तेच जेट दोन्ही वायूंवर जवळपास सारखीच उष्णता देते. मिथेनमध्ये आकारमानाने २० टक्के हायड्रोजन मिसळल्यास मिश्रणाच्या एका घनमीटरमधील उष्णता सुमारे १४ टक्क्यांनी घटते. परंतु वोबे निर्देशांक केवळ ५ टक्क्यांनी खाली येतो. कुकरला शिटी होण्यास वीस मिनिटांऐवजी एकवीस मिनिटे लागावीत, एवढाच हा फरक. नैसर्गिक वायूच्या घटकांतही खाणीनुसार थोडाफार फरक असतोच. तो सोसण्याची क्षमता उपकरणांत मुळातच ठेवलेली असते.

ज्योतीची ओढ

तथापि, उष्णता जुळली म्हणजे सारे जुळले असे नाही. ज्योतीलाही स्वतःचा वेग असतो. बर्नरच्या छिद्रातून वायू व हवेचे मिश्रण वर येत असते आणि ज्योत त्या मिश्रणातून खाली, छिद्राच्या दिशेने सरकू पाहते. या दोन वेगांचा तोल साधला, की ज्योत बर्नरवर स्थिर राहते. मिश्रण फार वेगाने आले वा ज्योत फार मंद असली, तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते आणि विझते. ज्योत फार वेगवान असली, तर ती छिद्रातून बर्नरच्या आत शिरते. मग फट्ट असा आवाज होतो, बर्नर आतून तापतो आणि उपकरण बिघडते.

हायड्रोजनच्या ज्योतीचा वेग मिथेनच्या ज्योतीच्या सुमारे सातपट. म्हणूनच हायड्रोजनच्या मिश्रणात खरी काळजी असते ती ज्योत आत ओढली जाण्याची. हा धोका बर्नर पूर्ण चालू असताना कमी आणि तो अगदी बारीक केलेला असताना अधिक, कारण बारीक आचेवर वायू सर्वांत सावकाश येत असतो. दूध आटविण्यासाठी वा भाताला वाफ येण्यासाठी आच बारीक करून ठेवणाऱ्या भारतीय स्वयंपाकघरात ही बाब दुर्लक्षून चालणारी नाही.

युरोपात गॅस उपकरणांना प्रमाणपत्र देताना नेमकी हीच परीक्षा घेतली जाते. २३ टक्के हायड्रोजन व ७७ टक्के मिथेन असा एक चाचणी वायू त्यासाठी ठरलेला आहे. त्या वायूवर ज्योत आत शिरली नाही, तरच ते उपकरण उत्तीर्ण ठरते. ही परीक्षा हायड्रोजनच्या पुरवठ्यासाठी म्हणून ठेवलेली नव्हती. नैसर्गिक वायूच्या घटकांत चढउतार झाल्यास उपकरण टिकेल की नाही, हे पाहण्यासाठी ती होती. पण तिचा एक अनपेक्षित लाभ झाला. १९९६ पासून ब्रिटनमध्ये विकले गेलेले घरगुती बॉयलर या परीक्षेमुळे २० टक्क्यांच्या मिश्रणास आधीपासूनच तयार होते.

कील आणि विनलॅटन

तयारी आहे म्हणणे वेगळे आणि प्रत्यक्ष घरात ती सिद्ध करणे वेगळे. ब्रिटनमध्ये घरे तापविण्यासाठी प्रामुख्याने गॅसचे बॉयलर वापरले जातात आणि तेथील नियमांनुसार गॅसच्या जाळ्यात ०.१ टक्क्याहून अधिक हायड्रोजन चालत नसे. ‘हायडिप्लॉय’ या प्रकल्पासाठी तेथील आरोग्य व सुरक्षा विभागाने २०१८ मध्ये या नियमातून खास सूट दिली. स्टॅफर्डशायर परगण्यातील कील विद्यापीठाचे स्वतःचे गॅसजाळे आहे. तेथील १०० घरे व विद्यापीठाच्या ३० इमारतींना २०१९ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत जास्तीत जास्त २० टक्के हायड्रोजन मिसळलेला गॅस पुरविण्यात आला. प्रारंभापूर्वी घरोघरची उपकरणे तपासण्यात आली. मात्र शेगड्या, बॉयलर वा नळ बदलावे लागले नाहीत.

पुढचा टप्पा सार्वजनिक जाळ्यावरचा होता. ईशान्य इंग्लंडमध्ये गेट्सहेडजवळील विनलॅटन या गावात ऑगस्ट २०२१ ते जून २०२२ या काळात ६६८ घरे, एक शाळा व काही छोटे व्यवसाय अशाच मिश्रणावर चालले. रहिवाशांनी नेहमीप्रमाणे स्वयंपाक केला, नेहमीप्रमाणे घरे तापविली.

वस्तुतः यात नवल वाटण्याजोगे फार नाही. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसचे दिवे प्रथम उजळले, ते दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर. लालबागमधील ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव त्या काळाची आठवण आजही सांगते. कोळशाच्या गॅसमध्ये सुमारे निम्मा वाटा हायड्रोजनचाच असे. हाँगकाँगमध्ये आजही घराघरांत पोहोचणाऱ्या गॅसमध्ये हायड्रोजन जवळजवळ निम्मा असतो. फरक इतकाच, की तेथील उपकरणे त्या वायूसाठीच घडविलेली असतात. ब्रिटनने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाच्या गॅसकडून उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूकडे स्थलांतर केले, तेव्हा घरोघरी जाऊन कोट्यवधी उपकरणांचे बर्नर बदलावे लागले होते. २० टक्क्यांच्या आतील मिश्रणाचे आकर्षण आहे ते यासाठीच, की त्यात असे घरोघर फिरणे टळते.

भारतातील शेगड्यांना मात्र ब्रिटिश बॉयलरचा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. आपली शेगडी पंख्याविना, वायूच्या झोताने आपोआप ओढल्या जाणाऱ्या हवेवर चालते. तिचे बर्नर अनेक वर्षे वापरात असतात, छिद्रे झिजलेली वा तेलकटाने बुजलेली असतात. म्हणूनच ५ टक्क्यांपासून प्रारंभ करून पायरीपायरीने वर जाण्याची कवास येथील पद्धत योग्य म्हणावी लागेल.

वीस टक्क्यांतले सात टक्के

येथवरचे चित्र आशादायक आहे. परंतु ‘२० टक्के हरित वायू’ हे शब्द ऐकून प्रदूषण २० टक्क्यांनी घटले, असे कोणी समजत असेल, तर तो हिशेब तपासून घ्यावा लागेल. हे २० टक्के आकारमानाचे आहेत, उष्णतेचे नव्हेत. हायड्रोजनच्या घनमीटरमध्ये उष्णता एकतृतीयांशच असल्याने, अशा मिश्रणातून मिळणाऱ्या एकूण उष्णतेत हायड्रोजनचा वाटा फक्त ७ टक्क्यांच्या आसपास असतो. तेवढीच उष्णता मिळविताना कार्बन डायऑक्साइड घटतो, तोही ७ टक्क्यांच्या आसपास. कवासच्या ८ टक्के मिश्रणात हा वाटा ३ टक्क्यांहूनही कमी भरतो.

ही बचतही एका अटीवर. हायड्रोजन सौर वा पवन ऊर्जेच्या विजेवर पाण्याचे विघटन करून मिळविलेला असला पाहिजे. जगातील बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायू वा कोळशापासून बनतो. तो मिसळल्यास धूर फक्त स्वयंपाकघरातून कारखान्यात जातो. हरित हायड्रोजन बनवितानाही १०० एकक विजेतून सुमारे ७० एकक ऊर्जाच हायड्रोजनमध्ये उतरते. त्याच विजेवर थेट पाणी तापविल्यास जवळजवळ सर्व १०० एकक उष्णता पाण्यास मिळते आणि हवेतील उष्णता शोषून घेणारा उष्णता-पंप वापरल्यास सुमारे ३०० एकक. शिवाय खत कारखाने व तेलशुद्धीकरण प्रकल्प यांना हायड्रोजन कच्चा माल म्हणून लागतोच. तेथे त्यास विजेचा पर्याय नाही. दुर्मीळ व महाग हरित हायड्रोजन आधी तेथे वापरावा की शेगडीत जाळावा, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

मीटर काय मोजतो?

ग्राहकाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. नळाच्या गॅसचा मीटर आकारमान मोजतो, उष्णता नव्हे. मुंबई-पुण्यातील ग्राहकास घरगुती गॅसचे देयक येते ते घनमीटरच्या दराने. गॅसमध्ये ५ टक्के हायड्रोजन मिसळल्यास प्रत्येक घनमीटरमधील उष्णता सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी होते. २० टक्के मिसळल्यास तेवढ्याच स्वयंपाकासाठी सुमारे १६ टक्के अधिक घनमीटर जाळावे लागतात. दर तोच राहिला, तर ग्राहक त्याच उष्णतेसाठी जादा पैसे मोजील आणि त्याचे कारण त्यास कळणारही नाही. ब्रिटनमध्ये मीटरवरील आकारमानाचे रूपांतर गॅसच्या उष्णतामूल्यानुसार किलोवॉट-तासांत करून मगच देयक काढले जाते. मिश्रित गॅस शहरांत येणार असेल, तर त्याआधी अशी व्यवस्था येथेही होणे ग्राहकहिताचे ठरेल.

शंभर टक्क्यांचा हट्ट

बचत एवढी तुटपुंजी असेल, तर थेट शंभर टक्के हायड्रोजनच का वापरू नये? या मार्गावर ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. शुद्ध हायड्रोजनसाठी बर्नर बदलावा लागतो. ज्योत आहे की विझली, हे ओळखणारे बॉयलरमधील नेहमीचे संवेदकही निरुपयोगी ठरतात. कारण ते मिथेनसारख्या कार्बनयुक्त वायूच्या ज्योतीतील विद्युतभारित कणांवर चालतात. हायड्रोजनची ज्योत दिवसाच्या उजेडात डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला तरच पेटतो. हायड्रोजन मात्र ४ पासून थेट ७५ टक्क्यांपर्यंत पेटू शकतो. एल्समियर पोर्टजवळील व्हिटबी आणि रेडकार येथे संपूर्ण वस्ती हायड्रोजनवर नेण्याची योजना होती. पहिली जुलै २०२३ मध्ये, तर दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये गुंडाळण्यात आली. व्हिटबीत रहिवाशांचा विरोध तीव्र होता. रेडकारला पुरेसा हायड्रोजन मिळण्याचीच शाश्वती नव्हती.

गोबर गॅसचा दुसरा जन्म

नूतनीकरणक्षम वायू म्हणजे केवळ हायड्रोजन नव्हे. महाराष्ट्राला जवळचा वाटावा असा दुसरा वायू आहे, तो जैववायू. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून मिळणारा वायू १८९७ मध्येच वापरात आणला गेला होता आणि गोबर गॅसचे संयंत्र तर खेडोपाडी परिचित आहे. मात्र गोबर गॅस थेट शहरी शेगडीत चालत नाही. त्यात मिथेन ५० ते ६५ टक्के असतो, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. हा वायू जडही आणि कमी उष्णतेचाही. त्याचा वोबे निर्देशांक नळाच्या गॅसच्या निम्म्याहूनही कमी भरतो. हायड्रोजनच्या नेमके उलट, त्याची ज्योत मंद असते व बर्नरवरून उचलली जाते. म्हणूनच गोबर गॅसच्या शेगडीचे जेट वेगळे असते.

या वायूतील कार्बन डायऑक्साइड, गंधकयुक्त वायू व बाष्प काढून टाकले, की उरतो तो प्रामुख्याने मिथेन. भारतीय मानकानुसार अशा शुद्ध जैववायूत किमान ९० टक्के मिथेन असावा लागतो. नळातील नैसर्गिक वायू आणि हा वायू यांच्यात शेगडीला जवळजवळ फरक जाणवत नाही. येथे २० टक्क्यांची मर्यादाही राहत नाही. डेन्मार्कमध्ये २०२३ साली गॅसच्या एकूण वापरात जैववायूचा वाटा सुमारे ४० टक्क्यांवर पोहोचला होता आणि त्यासाठी घरोघरचे बॉयलर बदलावे लागले नाहीत.

केंद्राच्या निर्णयानुसार नळाचा गॅस व वाहनांचा सीएनजी यांत जैववायूचे प्रमाण २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२६-२७ मध्ये ३, २०२७-२८ मध्ये ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के असे ठरविण्यात आले. आकडे लहान दिसतात. पण हे टक्के मिथेनचेच असल्याने येथे ५ टक्के म्हणजे उष्णतेतही जवळपास ५ टक्केच. २० टक्के हायड्रोजनमधून मिळणाऱ्या ७ टक्क्यांच्या शेजारी हा आकडा ठेवला, म्हणजे त्याचे मोल कळते.

अडचण आहे ती कच्च्या मालाची. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंदूरच्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७ टन शुद्ध जैववायू काढण्याची आहे. एका कुटुंबाचा महिन्याचा वापर १५ घनमीटर धरला, तर पूर्ण क्षमतेने चालणारा असा प्रकल्प पन्नास हजारांच्या आसपास कुटुंबांच्या चुली पेटवू शकेल. महानगरांतील कनेक्शनांची संख्या पाहता हे अपुरे आहे. शिवाय असा प्रकल्प चालतो तो वेगळा केलेल्या ओल्या कचऱ्यावर. प्लास्टिक व माती मिसळलेला कचरा संयंत्र बंद पाडतो. अर्थात, स्वयंपाकघरातील शेगडीचा प्रश्न अखेरीस त्याच स्वयंपाकघरातील कचऱ्याच्या डब्याशी येऊन ठेपतो.

जुना धोका कायम

मिश्रणाच्या चर्चेत एका गोष्टीचा विसर पडू नये. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गिझर खोलीतील प्राणवायू संपवितो, ज्वलन अपुरे होते आणि रंग-गंध नसलेला कार्बन मोनॉक्साइड साचतो. हायड्रोजनच्या ज्वलनातून हा वायू निर्माण होत नाही आणि त्याला हवाही कमी लागते. त्यामुळे मिश्रणात त्याचे प्रमाण काहीसे घटते. परंतु मिश्रणाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग मिथेनच असतो. जैववायू तर मिथेनच. हरित वायू शेगडीत आला म्हणून तो खोलीतील हवेविना सुरक्षितपणे जळेल, असे मानणे प्राणघातक ठरू शकते. गिझरचा धूर बाहेर जाण्यास मार्ग हवा, न्हाणीघराला उघडी जाळी हवी आणि ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसू लागली, तर वायू कोणताही असो, मिस्त्रीला बोलाविण्यास विलंब करू नये.

एकंदरीत, सामान्य गॅस उपकरण नव्या वायूस फारसे अडून बसत नाही, असे आजवरच्या प्रयोगांचे सांगणे आहे. मर्यादित हायड्रोजन त्यास चालतो. शुद्ध जैववायू तर त्यास ओळखूही येत नाही. अडचण शेगडीत नाही. ती आहे नळाच्या दुसऱ्या टोकाला. वायू कशापासून बनला, त्यातील किती टक्के आकारमानाचे व किती उष्णतेचे आणि त्याचा भार देयकात कसा उतरणार, हे प्रश्न ग्राहकाने विचारले पाहिजेत. ‘हरित’ हे विशेषण नळावर लागले म्हणजे पुरत नाही. त्याचा हिशेबही मीटरइतकाच स्पष्ट दिसला पाहिजे.